एकच वाक्य, सर

—नाही, पाणी विचारलं नाही म्हणून वाईट वाटून घेऊ नकोस. या घरात पाहुण्याला पाणी विचारायचं बंद झालंय, सव्वा वर्ष झालं. तू बस. ती खुर्ची नको, तिचा पाय हलतो, इथे ओट्यावरच बस — हां. तर सुरुची, नानांनी पाठवलं म्हणालीस. ते कळलं मला, गेटातनं गाडीवरचा त्यांचा फोटो दिसला. काय हवंय तेही कळलं. 'सर, एकच वाक्य द्या, घरगुती.' असंच म्हणाले ना? वीस वर्षं असंच म्हणतात. त्यांना सांग, सिप्रियन सरांकडची वाक्यं संपली. सांग की म्हातारा आता ऐकू येत नाही म्हणतो. काहीही सांग. रविवारी गिरीजला सभा आहे ते मला ठाऊक आहे, रस्ता काढायचाय ना इथून, केळीच्या वाड्यांमधून? आणि रस्त्याच्या दोन्ही अंगांना इमारती. नकाशा बघितलाय मी. ती रेघ बघ, ती नारळाची जोडी दिसतेय ना, तिथून आत येते आणि आमच्या विहिरीवरून जाते. माझ्याच विहिरीवरून रस्ता न्यायचा आणि तो कसा नेऊ ते मलाच विचारायचं — आत्मारामला हे सुचतं, दुसऱ्या कुणाला सुचणार नाही.

आत्माराम म्हटलं म्हणून दचकलीस? तुझे नाना. माझ्या वर्गात होता गं तो, आठवी ब, शेवटचा बाक. निबंधात दहापैकी तीन. 'माझी शाळा खूप मोठी आहे. माझी शाळा मला खूप आवडते.' पुढे शाळा संपली! पण आवाज होता. मग वक्तृत्व स्पर्धेला मी त्याला उभा केला, भाषणही मीच लिहून दिलं. तिथेच चुकलं बघ. मास्तराने पोराला भाषण लिहून देऊ नये, त्याला अडखळू द्यावं. मी त्याला वर हेही शिकवलं, की आत्माराम, समोर परीक्षक बसलेत असं समजू नकोस, तुझी आजी बसलीय आणि तू तिला सांगतोयस असं समज. दुसरा नंबर आला त्याचा. ते सर्टिफिकेट अजून त्याच्या ऑफिसात आहे, फ्रेममध्ये, बघितलंयस का? त्या आजीच्या जिवावर निवडून येतोय तो इतकी वर्षं.

तू त्यांची पहिली भाषणं नाही ऐकलीस, तू तेव्हा बालवाडीत असशील. तू म्हटलं तर चालेल ना? माझ्या लेकीपेक्षा, शर्लिनपेक्षाही लहान आहेस तू. हां. तर तेव्हा नाना बोलायचे, 'पायाभूत सुविधांच्या सक्षमीकरणासाठी आम्ही कटिबद्ध आहोत.' लोक शेंगा खायचे. एकदा तर पाचूबंदरला बायका मासळीचा लिलाव सोडून सभेला आल्या आणि दहा मिनिटांत परत लिलावाला गेल्या, स्टेजवर हा एकटा. त्या दिवशी तो इथे आला, तू बसलीयस तिथेच बसला, आणि म्हणाला, सर, लोक माझं ऐकत नाहीत. रडवेला झाला होता. मी म्हटलं, अरे गाढवा, तू शासनाबद्दल बोलतोस. शासन म्हटलं की माणूस अर्ज लिहितो, तारीख विचारतो, सही कुणाची विचारतो. तू घराबद्दल बोल. घर म्हटलं की माणूस गप्प बसतो. आईला कुणी पावती मागतं का? बाप सकाळी सहाला उठवतो तेव्हा कुठल्या कलमाखाली उठवलंत म्हणून विचारतं का कुणी?

मग काय! तीन वर्षं खणलेले रस्ते — 'घरात लग्न निघालं की पसारा होतोच, पाहुणे येईपर्यंत आवरून होतं.' माझं. स्टेशनबाहेरच्या टोपल्या उचलल्या, मासळी नाल्यात फेकली — 'आई पोराला कान धरून बाजूला बसवते, म्हणून ती वैरीण होते का?' तेही माझंच. घरपट्टी वाढवली तेव्हा, 'ताटं वाढली की तांदूळ जास्त शिजवावा लागतो.' दर पावसाळ्यात चार दिवस कमरेएवढं पाणी, लोकांचे फ्रीज तरंगतात, आणि हे छातीला हात लावून म्हणतात, 'वसईचा माणूस पाण्यात पाय रोवून उभा राहणारा आहे.' आणि टाळ्या! ज्याचा फ्रीज गेला तोच सगळ्यात जोरात वाजवतो. मी पाठीमागे उभा असायचो, विजेच्या खांबाला टेकून. बत्तीस वर्षं शिकवलं मी, पोरं खिडकीबाहेर बघायची. आणि इथे चार हजार माणसं माझ्या वाक्याला मान हलवतायत. तुला काय सांगू, पैसे नाही घेतले मी. एक रुपया नाही. गल्लीतल्या नेल्सनसारखे लोक म्हणतात सरांनी बंगला बांधला असता, बांधला का? हे बघ ना, कौलं गळतात. मला फक्त तो खांब पुरायचा.

काय? हो, विचार ना. — नाही, मॅडम आहेत, आत आहेत. रोझलीन, माझी बायको. ती बाहेर येणार नाही. भांडण नाही गं, भांडण असतं तर बरं. बोलतो आम्ही. 'जेवण वाढलंय.' 'गॅसवाला आला होता.' 'मिस्सा साडेसातची आहे.' बत्तीस वर्षं वर्गात जेवढं व्याकरण शिकवलं तेवढं सगळं आहे त्या बोलण्यात, कर्ता, कर्म, क्रियापद. बाकी काही नाही.

ऐकायचंय? तुला घाई नाही ना? बरं, तो फोन खाली ठेव मग. असू दे, मांडीवर असू दे.

माझ्या आईच्या वेळी इथे, या ओट्याच्या कडेला, एक माठ असायचा आणि त्यावर पितळेचा तांब्या. पाचूबंदरच्या कोळणी डोक्यावर पाटी घेऊन चालत यायच्या, उन्हाच्या. कधी ओळखीची असायची, कधी नवीन. गेट वाजलं की आई आतूनच ओरडायची मला, 'अगोदर पाणी दे तिला, कोण आहे ते मग बघू.' आमच्या घरच्या बोलीत ओरडायची. त्या बोलीत नाही सांगणार मी तुला, तेवढं राहू दे. पाणी पिऊन झालं की मग नाव, गाव, कुणाची कोण. जाताना ती चार बोंबील ठेवायची, आई फणीभर केळी द्यायची. आई गेली, मग रोझलीनने तो माठ चालवला. कोळणी टेम्पोतून यायला लागल्या, तरी चालवला. कुरियरवाला, लाईटबिलवाला, जो येईल तो. त्याला आधी तांब्या.

आता टँकर. तुम्ही कुठे राहता म्हणालीस, जूचंद्रला? टॉवरमध्ये. कितवा मजला? अकरावा — बरं. टँकर येतो ना तुमच्याकडे? दिवसाला किती? बघ, तुलाही मोजता येत नाहीत. ते पाणी या पट्ट्यातनं जायचं. आमच्या गल्लीत दोघांनी आपल्या विहिरी टँकरवाल्यांना दिल्या आणि सकाळपासून पंप चालू. जमिनीखाली विहिरींना कुंपणं नसतात गं, एकाने उपसलं की शेजाऱ्याची खाली जाते. आणि इथे समुद्र हाकेवर आहे. गोडं पाणी उपसलं की त्या जागी खारं येतं, हे इथल्या दुसरीतल्या पोरालाही ठाऊक. तर बायका उठल्या. पन्नासेक बायका, गल्लीच्या तोंडावर सतरंज्या टाकून टँकरपुढे बसल्या. रोझलीन पहिल्या रांगेत. आयुष्यात कधी आवाज न चढवलेली बाई, टँकरच्या चाकापुढे बसून माळेची प्रार्थना सांगायची. चार दिवस एक टँकर हलला नाही. तुमच्या टॉवरांत बोंबाबोंब झाली असेल, आठवतं? हां.

तर चौथ्या दिवशी संध्याकाळी नानांचा फोन. 'सर, उद्या गिरीजला यायचंय, बायका चिडल्यात, पोलीस नकोत मला, एकच वाक्य द्या.' मी इथे बसून चहा पीत होतो. आता तू विचारशील, गिरीज म्हटल्यावर लक्षात नाही आलं का? माझीच गल्ली, माझीच बायको? तेव्हा नाही आलं असं मी सगळ्यांना सांगितलं. फादरांनाही सांगितलं. पण आलं होतं. लगेच आलं होतं. त्याच वेळी आईचं ते वाक्यही आलं, आणि ते इतकं चपखल बसलं, की बाकी सगळं — कसं सांगू — शब्द जागेवर बसला की मला दुसरं काही दिसत नाही. आत्माराम म्हणाला दोनच महिने, नवीन पाइपलाइन येतेय, मीही स्वतःला म्हटलं दोनच महिने. आणि दिलं. घरच्या बोलीतलं सभेच्या मराठीत करून दिलं.

दुसऱ्या दिवशी आला तो. माइकसुद्धा घेतला नाही, ते मीच सांगितलं होतं. बायकांच्या समोर खाली मांडी घालून बसला. म्हणाला, 'माय, लहानपणी मी या गल्लीतनं उन्हातनं जायचो. एका ओट्यावर एक माउली असायची. मी कोणाचा कोण, तिला ठाऊक नव्हतं. ती म्हणायची, अगोदर पाणी दे त्याला, कोण आहे ते मग बघू. तिकडे पुलापलीकडे माणसं तहानेली आहेत. ती कोण आहेत, कुठून आली, ते आपण मग बघू.' झालं. एवढंच. आणि पहिली कोण उठली? रोझलीन. माळ हातात गुंडाळली, सतरंजी झटकली, घडी घातली आणि बाजूला झाली. तिच्या मागे बाकीच्या. पाच मिनिटांत टँकर सुरू.

घरी आली ती अशी — डोळे भरलेले, चेहरा उजळलेला. या दारात उभी राहून म्हणाली, 'अहो, नाना अगदी आईंसारखं बोलले. आईंचे शब्द जसेच्या तसे. माणूस वाईट नाही हो, कुणाच्या तरी हातचं पाणी प्यायलाय तो लहानपणी.' आणि मी हसलो.

एवढंच केलं मी. हसलो. लपवायला हवं होतं, पण आतून आलं ते, कुणी निबंध वाचून वा म्हटल्यावर येतं तसं. रोझलीन माझ्याकडे बघत राहिली. मग ती बाहेर आली, माठ उचलला, कमरेवर घेतला, मागच्या अंगणात नेऊन पालथा घातला. तांब्या आत गेला. तो कपाटात आहे आता, तिच्या लग्नाच्या साडीच्या खाली.

दोन महिने! सव्वा वर्ष होतंय. पाइपलाइन आली, ती पलीकडच्या फाट्यापर्यंत, पुढे काम चालू आहे. जानेवारीत पहिल्यांदा चहा फाटला. दूध खराब असेल म्हटलं. मग डाळ शिजेना. मग साबणाला फेस येईना. आता ये इकडे, ती केळ बघ, पानांच्या कडा बघ कशा करपल्यात, इस्त्री लागल्यासारख्या. पानवेल तर गेलीच, मांडव मी मोडला मागच्या महिन्यात. वीस लिटरचा जार विकत घेतो आम्ही, प्यायला. गिरीजमध्ये! माझ्या आईला सांगितलं असतं तर तिला वाटलं असतं पोराला ताप चढलाय. आणि रोझलीन अजून त्या केळींना पाणी घालते. खारं आहे ते तिला कळतं. तरी घालते.

नको, हळहळू नकोस. तुझा काय दोष, अकराव्या मजल्यावर माणूस नळ सोडतो, पाणी कुठलं ते नळावर लिहिलेलं नसतं.

म्हणून सांगतो, नानांना सांग नाही म्हणून. रोझलीनचं एक वाक्य आहे माझ्याकडे. आई गेली तेव्हाचं. शर्लिन पोटात होती, सातवा महिना, मी त्या केळीपाशी उभा राहून पोरासारखा रडत होतो आणि ती मला एक बोलली. दोन ओळींचं. ते मात्र मी आत्मारामला कधी दिलं नाही. वीस वर्षांत कितीदा त्याने मागितलं, सर, काहीतरी काळजाला लागणारं द्या — कितीदा ते ओठांवर आलं. नाही दिलं. आईचं विकलं, फुकट विकलं, पण ते नाही. तेवढं एक आहे माझ्याकडे अजून, ज्याच्या जोरावर या घरात मी मान वर करून बसतो.

काय आहे ते? भाषण? तूच लिहिलंयस? मग माझ्याकडे कशाला आलीस — नाही, वाचणार नाही मी. दे. चष्मा कुठे गेला. 'गिरीजच्या माझ्या बंधू-भगिनींनो, काळानुरूप बदल स्वीकारणे ही काळाची गरज आहे.' अरे देवा. एका वाक्यात दोनदा काळ! झोपतील लोक. 'वाड्या हा आपला समृद्ध वारसा असला तरी भावी पिढीच्या उज्ज्वल भवितव्यासाठी' — भावी आणि भवितव्य, एकच गं ते बाई, कुठल्या शाळेत होतीस तू? 'त्याग करावा लागेल.' त्याग! त्याग म्हटलास की पहिल्या रांगेतली बाई उठून विचारणार, तुझा कुठला त्याग? पेन आहे? दे इकडे. हे काढ. हे पण काढ. भावी पिढी म्हणजे कोण? दिसली पाहिजे ना ती. वाडीवाल्यांशी बोलतेयस तू, त्यांच्या हातातलं काहीतरी दे त्यांना. रोज काय करतात ते? कोयता घेतात, केळीत जातात. मग तिथून बोल! असं म्हणायला हवं त्याने, 'घड उतरवला की आपण केळ कापतो. रागाने कापतो का? बाजूच्या पिल्लाला ऊन मिळावं म्हणून कापतो.' बस. पुढे बोलायचंच नाही. खाली बघायचं आणि थांबायचं, लोक आपापल्या पोरांकडे बघतील, आणि मग हळूच म्हणायचं, वाडीसुद्धा—

—नाही.

हे नको. हे लिहू नकोस. खोड ते. मी सहज — उदाहरण म्हणून, वर्गात देतो तसं. हे ते नव्हतं, रोझलीनचं. म्हणजे होतं, पण मी तुला समजावून — कागद दे तो इकडे. फोन चालू होता का? सुरुची, मांडीवर रेकॉर्डिंग चालू होतं का? पुसून टाक. आत्ता, माझ्या समोर. काय? कुणाला पाठवलंस? ग्रुपवर? अगं आत्ताच्या आत्ता? तुमच्या त्या फोनमध्ये परत घेता येतं ना पाठवलेलं, शर्लिन घेते, मी बघितलंय. घे परत. घे ना.

कोणी बघितलं?

नानांचा अंगठा आला. लगेच. — आणि हे काय लिहिलंय खाली, वाच. चष्मा... तू वाच. 'सर अजून सरच आहेत.'

कोण — रोझलीन? कधी आलीस तू दारात? हे बघ, तसं नाहीये, ही मुलगी भाषण घेऊन आली, ते इतकं वाईट होतं, मी नुसतं दुरुस्त — तांब्या काढलास? पाहुणीसाठी? रोझलीन, सव्वा वर्षाने पाणी आणलंस तू, ये ना, दे तिला, तिला तहान लागली असेल, कधीची बसलीय. ऐकलंस का तू? किती ऐकलंस? अगं मी दिलं नाही ते, ते तोंडातनं — रोझलीन, ओतू नकोस. पिण्याचं आहे ते. जारचं पाणी आहे, अगं, केळीला नको घालूस ते, रोझलीन—

...

तू ऊठ आता. नाही, तिच्याशी काही बोलू नकोस. जा. तुझे कागद घे आणि जा. गेट ओढून घे जाताना, कुत्री आत येतात.